मलई कोफ्ते तेलात हसतात, ग्रेव्हीत विरघळतात: नक्की कुठे चुकतंय?

सोऱ्या

पाडव्याला घरी वीस माणसं जेवायला आहेत आणि पंगतीला मलई कोफ्ता करायचं ठरलंय. रंगीत तालीम म्हणून थोड्या प्रमाणात करून पाहिला आणि दोन्ही टोकांनी फसला. काय काय घातलं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे चूक शोधायला सोपं जाईल.

कोफ्ते: दीड लिटर गाईच्या दुधाचं घरी केलेलं पनीर (साधारण २४० ग्रॅम, कापडात बांधून अर्धा तास टांगलं होतं), ३ मध्यम बटाटे, नवे, सोलून फोडी करून कुकरला ४ शिट्ट्या. गरम असतानाच मॅश केले. १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, मीठ, हिरवी मिरची, कोथिंबीर. सारणात खवा, अख्खे बेदाणे, काजूचे तुकडे. एकूण १२ झाले. मध्यम आचेवर तळले. अनारसे हसावेत तसे ५ कोफ्ते तेलात हसले, सगळं तेल दुधाळ झालं. उरलेले ७ वरून छान दिसत होते, पण ग्रेव्हीत १० मिनिटं उकळल्यावर त्यांचा लगदा झाला.

ग्रेव्ही: कांदा, टोमॅटो, काजू परतून वाटलेले. शेवटी १ कप दूध घातलं आणि ग्रेव्ही फाटली. बारीक कणी दिसायला लागली.

आणखी एक अडचण. वीसपैकी चार जण चातुर्मास पाळतात. कार्तिकी एकादशी पाडव्यानंतर आहे, म्हणजे त्यांना कांदा-लसूण चालणार नाही. त्यांच्यासाठी वेगळं काही करायचं की सगळ्यांचं एकच करता येईल? लाल ग्रेव्ही बरी की पांढरी?

---

पुरणयंत्र

ग्रेव्हीवर इथले जाणकार लिहितीलच, मी फक्त कोफ्त्यांबद्दल लिहितो. तुमच्या कृतीत पाणी चार ठिकाणांहून शिरलं आहे आणि ते धरून ठेवायला स्टार्च एकच चमचा आहे. कोफ्ता फुटतो तो जवळजवळ नेहमी याच कारणाने. तेलात गेल्यावर आतल्या पाण्याची वाफ होते. बाहेरचं कवच तोवर पक्कं झालेलं नसेल तर वाफ ते फोडून बाहेर येते.

पहिलं पाणी बटाट्याचं. नव्या बटाट्यात पाणी जास्त आणि स्टार्च कमी असतो. जुना, पिठूळ बटाटा घ्या, जो उकडल्यावर सालीला तडा जातो. सोलून फोडी केल्यावर कुकरमध्ये तो भरपूर पाणी पितो, म्हणून सालासकट, अख्खा, बटाटे बुडणार नाहीत अशा भांड्यात कुकरच्या वाफेवर शिजवा. शिजल्यावर साल काढून किमान तीन-चार तास, जमलं तर रात्रभर, फ्रिजमध्ये उघडा ठेवा. गार झालेल्या बटाट्यातला स्टार्च घट्ट होतो, चिकटपणा जातो आणि वरचं पाणी उडून जातं. मॅश करू नका, बारीक किसणीने किसा. गरम बटाटा रगडला की त्याची खळ होते, आणि खळीचा कोफ्ता तळून आतून चिकटच राहतो. कच्चे बटाटे फ्रिजमध्ये ठेवले तर थोडे गोड होतात आणि त्यामुळे लवकर लाल होतात, हे मात्र खरं. शीतगृहातल्या बटाट्याचंही तसंच. रंग भरभर चढू लागला तर आच कमी करा, घाबरू नका.

दुसरं पनीरचं. अर्धा तास टांगणं पुरत नाही. कापडात घट्ट बांधून, चपटं करून, वर तीन किलोचं वजन (पाण्याने भरलेलं पातेलं चालतं) तासभर ठेवा. पनीर मोडल्यावर बोटं ओली व्हायला नकोत. मग परातीत घेऊन तळहाताच्या टाचेने ४-५ मिनिटं मळा, रसगुल्ल्याला मळतो तसं. रवाळपणा गेला पाहिजे. मळताना हाताला तूप लागायला लागलं की थांबा, त्यापुढे पनीर तुपकट होऊन पारी धरत नाही. गाईच्या दुधापेक्षा म्हशीच्या फुल क्रीम दुधाचं पनीर कोफ्त्याला चांगलं. लिटरला साधारण १८० ते २०० ग्रॅम पडतं आणि घट्ट येतं.

तिसरं मिठाचं. मीठ घातलं की मिश्रणाला पाणी सुटायला लागतं. मीठ सगळ्यात शेवटी घाला आणि लगेच वळायला घ्या. मिश्रण अर्धा तास मुरवायला ठेवायचं नाही.

चौथं सारणाचं. अख्खा बेदाणा ही आतली पाण्याची पिशवीच. गरम तेलात तो फुगतो आणि पारीला आतून ढकलतो. बेदाणे बारीक चिरा. खवा वितळतो आणि जिथे भेग सापडेल तिथून बाहेर पडतो, तुमचं तेल दुधाळ झालं त्यात त्याचाही वाटा असणार. सारण कोरडं हवं: काजू आणि पिस्ता बारीक चिरून, चिरलेले बेदाणे, चिमूटभर वेलची पूड, आणि बांधायला दोन चमचे किसलेलं पनीर. एका कोफ्त्यात ४-५ ग्रॅमच, म्हणजे मोठ्या वाटाण्याएवढी गोळी. कोथिंबीर पारीत नको, तिलाही पाणी सुटतं. पांढऱ्या ग्रेव्हीत ते हिरवे ठिपके दिसतातही वाईट.

प्रमाण वजनाने सांगतो, बटाट्याचा आकार माणसागणिक बदलतो:

पनीर २५० ग्रॅम, उकडलेला बटाटा २०० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ३ मोठे चमचे (३० ग्रॅम), पांढरी मिरी पूड पाऊण लहान चमचा, मीठ पाऊण लहान चमचा. यात ३२ ग्रॅमचे १५ कोफ्ते होतात.

बटाटा पनीरपेक्षा जास्त कधीच नको. तो वाढवला की कोफ्ता स्वस्त पडतो, पण ग्रेव्हीत सगळ्यात आधी तोच विरतो.

वळताना हाताला तुपाचं बोट लावा. मोदकाची पारी करतो तशी वाटी करून सारण भरा, तोंड बंद करा आणि मग दोन्ही तळव्यांत हलका दाब देत फिरवा. पेढ्यासारखा गुळगुळीत झाला पाहिजे. केसाएवढी भेग दिसली तरी बोट पाण्यात नव्हे, तुपात बुडवून ती मिटवा. वळलेला कोफ्ता कोरड्या कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून झटका आणि ताट पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

आता तळणी. तेल १७० ते १७५ अंश. थर्मामीटर नसेल तर मिश्रणाची हरभऱ्याएवढी गोळी सोडा: ती तळाशी जाऊन तीन-चार सेकंदांत वर आली पाहिजे. लगेच वर उसळली तर तेल जास्त तापलंय, तळाशीच बसून राहिली तर कमी. नवखे लोक भीतीने आच कमी ठेवतात आणि तिथेच कोफ्ता जातो. कॉर्नफ्लोअर साधारण ६५-७० अंशांना फुगून घट्ट होतं. तेल पुरेसं गरम असेल तर बाहेरचा थर काही सेकंदांत तिथे पोहोचतो आणि कवच बनतं. तेल थंड असेल तर कवच बनायच्या आत पनीर मऊ पडून पसरतं. एका वेळी चार-पाचच सोडा, नाहीतर तेलाचं तापमान धाडकन उतरतं. पहिला दीड मिनिट झाऱ्याने हातच लावायचा नाही, फक्त कडेचं तेल वरून हलकेच उडवा. मग फिरवा. एकूण ४-५ मिनिटं. सोडल्यावर भोवती जोरात बुडबुडे असतात, ते विरळ झाले की पाणी उडालं आणि कोफ्ता झाला. रंग हलका बदामी हवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी एकच कोफ्ता तळून बघा. फुटला तर मिश्रणात १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर वाढवा आणि परत एकच तळा. बारा एकदम सोडून मग कारण शोधण्यात अर्थ नाही.

---

खलबत्ता

पुरणयंत्र यांनी सगळं नीट लिहिलंय, फक्त एक भर. खायचा सोडा किंवा बेकिंग पावडर कोफ्त्यात अजिबात नको. मऊ होतील म्हणून बरेच जण चिमूटभर घालतात. दुधी कोफ्त्यात बेसन असतं, ते ती हवा धरून ठेवतं. पनीरच्या पारीत धरायला काही नसतं, ती फाटते.

ब्रेडचा चुराही बरेच जण सुचवतील. त्याने कोफ्ता तळणीत टिकतो, पण तो ग्रेव्ही स्पंजासारखी पितो. पाच मिनिटांत ताटात रस्सा शिल्लक राहत नाही आणि कोफ्ता ओल्या पावासारखा लागतो. मैदा चालतो, कॉर्नफ्लोअरइतकाच घ्या, पण खाताना जरा चिवट लागतो. आरारूट उत्तम. मिल्क पावडर घातली तर चव छान येते, मात्र आतून शिजायच्या आधी कोफ्ता बाहेरून लाल होतो.

आता ग्रेव्ही. ग्रेव्ही फाटू नये म्हणून काय करायचं आणि लाल की पांढरी, या दोन्हींचं उत्तर एकच आहे: पांढरी करा.

दूध का फाटलं? टोमॅटो आंबट. दुधातलं प्रथिन आंबटपणात गोळा होतं, आणि उकळत्या भांड्यात ते आणखी लवकर होतं. क्रीममध्ये स्निग्धांश जास्त आणि प्रथिन कमी, म्हणून २५ टक्क्यांची डबाबंद क्रीम तिथे टिकते, दूध टिकत नाही. टोमॅटोच्या ग्रेव्हीत दूध घालायचंच नाही. क्रीमसुद्धा गॅस बंद केल्यावर, भांडं दोन मिनिटं निवल्यावर, धारेने. घरची साय घालणार असाल तर आधी रवीने किंवा मिक्सरला एकच झटका देऊन एकजीव करा आणि गाळणीतून घाला. जास्त फिरवलीत तर लोणी निघेल. साय ग्रेव्हीत उकळली की तिचं तूप होऊन वर तरंगतं.

पांढरी ग्रेव्ही, वरच्या १५ कोफ्त्यांना पुरेल एवढी (सहा जणांना):

कांदे ३५० ग्रॅम, पांढरे मिळाले तर फारच छान. काजू ७५ ग्रॅम. अख्खे महाग काजू लागत नाहीत, पाकळी किंवा तुकडा घ्या, फक्त जुनट वास नको. मगज बी (खरबूज-कलिंगडाचं सोललेलं बी) २ मोठे चमचे. आलं १ इंच, लसूण ६ पाकळ्या, हिरव्या मिरच्या ३, पोटातलं बी काढून. हे सगळं दीड कप पाण्यात झाकण न ठेवता १२-१५ मिनिटं उकळा. उघडं उकळल्याने कांद्याचा उग्र वास वाफेबरोबर निघून जातो. झाकण ठेवलंत तर तो ग्रेव्हीत राहतो आणि मग कितीही वेलची घाला, लपत नाही. चाळणीत निथळून, पूर्ण गार करून, मिक्सरला लोण्यासारखं वाटा. गरम वाटलं तर झाकण उडतं, शिवाय काजू तेल सोडतो. निथळलेलं पाणी फेकू नका, मिक्सरला लागेल तेवढं तेच वापरा. वाटण गाळून घ्या. मगज बीची कुसं गाळण्यात राहतात. ती जिभेला लागली तर मखमलीपणा संपला.

जाड बुडाच्या कढईत ३ मोठे चमचे तूप, त्यात अर्धा लहान चमचा शहाजिरं, १ तमालपत्र, ४ हिरवे वेलदोडे ठेचून, ३ लवंगा, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. मसाला तडतडला की लगेच वाटण. तूप जास्त तापू देऊ नका, पांढऱ्या ग्रेव्हीत काहीही लाल होता कामा नये. हळद नाही, तिखट नाही, धणेपूड नाही.

आता धीर लागतो. मंद आचेवर १५ ते १८ मिनिटं, तळ खरवडत राहायचं, कारण काजू सगळ्यात आधी बुडाला लागतो आणि एकदा लागला की जळकट वास सगळ्या भांड्यात. सुरुवातीला वाटण पातळ असतं आणि उडतं, हात भाजतो, लांब दांड्याचं उलथणं घ्या. सातव्या-आठव्या मिनिटाला उडणं थांबून जाड बुडबुडे येतात, पिठलं शिजताना येतात तसे. उलथण्याने मधोमध रेघ ओढली की ती क्षणभर तशीच राहते आणि मग सावकाश मिटते. कडेला तुपाची बारीक झिलई दिसते. तिथे झालं. याआधी थांबलात तर ग्रेव्हीला कच्च्या काजूची पिठूळ चव राहते. 'हॉटेलसारखी होत नाही' असं लोक म्हणतात तेव्हा नव्वद टक्के हेच कारण असतं.

गॅस अगदी बारीक करून १२० ग्रॅम दही घाला. ते ताजं, गोड, फ्रिजमधून अर्धा तास आधी काढलेलं आणि एकही गुठळी न ठेवता फेटलेलं हवं. एका वेळी दोन चमचे, आणि प्रत्येक वेळी एकाच दिशेने ढवळा. काजूची पेस्ट दह्याला सांभाळून घेते, पण थंड दही एकदम ओतलं तर तीही सांभाळत नाही. मीठ दही शिजल्यावर. मग २५० मिली गरम पाणी, गार नाही. ५ मिनिटं शिजवा. साखर १ लहान चमचा, पांढरी मिरी, चिमूटभर जायफळ. गॅस बंद करून ८० मिली क्रीम. कसुरी मेथी घालायची असेल तर अर्धा लहान चमचा, तव्यावर कोरडी गरम करून चुरगाळून. जास्त झाली की ग्रेव्ही कडसर आणि हिरवट होते.

आणि कोफ्ते ग्रेव्हीत उकळायचे नाहीत. कधीच नाहीत. मटणाचा कोफ्ता रश्श्यात शिजतो, हा तळणीतच शिजून आलेला असतो. कोफ्ता हा शब्द फारसीतल्या कुटणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला, मूळ पदार्थ कुटलेल्या मांसाचा. पनीरचा अवतार पुढचा आणि त्याचे नियम वेगळे. वाढायच्या भांड्यात कोफ्ते मांडा आणि वरून कडकडीत गरम ग्रेव्ही ओता, एवढंच.

---

हिंगाची_डबी

चातुर्मासाच्या प्रश्नाबद्दल. वेगळे कोफ्ते करायची गरजच नाही, पुरणयंत्र यांच्या प्रमाणात कांदा-लसूण कुठेही नाही. प्रश्न फक्त ग्रेव्हीचा. चार माणसांसाठी वेगळं पातेलं चढवण्यापेक्षा सगळ्यांनाच बिनकांद्याची पांढरी ग्रेव्ही करा, असं माझं स्पष्ट मत आहे. लाल ग्रेव्हीतून कांदा काढला की ती उघडी पडते. पांढरीत तो मुळात दाटपणापुरता असतो, तो दुसऱ्या कशाने तरी भरून काढता येतो. दोन पातेली असली की वाढताना डावांची अदलाबदल होतेच, आणि पाळणाऱ्याचा नेम आपल्या घरी मोडावा हे बरं नाही.

दाटपणा भरून काढायला दुधी घ्या. कोवळा, साल आणि बिया काढून २५० ग्रॅम, काजूबरोबरच उकळायचा. रंग पांढरा राहतो आणि स्वतःची चव जवळपास नाही. सहा जणांसाठी: दुधी २५० ग्रॅम, काजू १०० ग्रॅम, मगज बी ३ मोठे चमचे, खसखस १ मोठा चमचा, आलं १ इंच, मिरच्या ३, दही १५० ग्रॅम, क्रीम ८० मिली. दुधी शिजल्यावर चाळणीत दाबून पाणी काढा, नाहीतर परतायला अर्धा तास लागेल. खसखस ओली वाटली जात नाही, आधी कोरडी मिक्सरला पूड करा, मग गरम पाण्यात तासभर भिजवून बाकीच्या वाटणात घाला. दुबई किंवा सिंगापूरला कुणी हे वाचत असेल तर खसखस सरळ वगळा, तिथे तिच्यावर बंदी आहे, भारतातून बरोबर नेऊही नका. तिच्याऐवजी मगज बी एक चमचा वाढवा.

फोडणीत शहाजिऱ्याबरोबर हिंग पाव लहान चमचा. त्याहून जास्त नको, दुधाच्या पदार्थात हिंग फार पुढे येतो. लसणाची उणीव बडीशेप भरून काढते: अर्धा लहान चमचा, कोरडी भाजून पूड करून, साखरेबरोबर शेवटी घालायची. परतायचा वेळ थोडा कमी लागतो, १२ ते १५ मिनिटं. बाकी सगळं खलबत्ता यांच्यासारखंच.

पंगतीत कुणी जैन असेल तर बटाटा आणि आलंही चालणार नाही. तिथे बटाट्याच्या जागी कच्ची केळी सालासकट वाफवून, गार करून, किसून, त्याच वजनाने. आल्याऐवजी सुंठ, पण चालते का ते विचारून घ्या.

---

आप्पेपात्र

तळण नको असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आप्पेपात्रात होतात, कोफ्ता २५ ग्रॅमचा करा, खळग्यात अर्धा लहान चमचा तूप, मंद-मध्यम आच, दर दोन मिनिटांनी फिरवत १०-१२ मिनिटं. एअर फ्रायरला १८० अंशांवर १२-१४ मिनिटं, वरून तेलाचा हात लावून आणि मध्ये एकदा उलटून. दोन्हीकडे कवच सगळीकडून सारखं बनत नाही, तेव्हा कॉर्नफ्लोअर एक चमचा वाढवा आणि वाढल्यावर लगेच खा. वीस माणसांच्या पंगतीला मात्र तळणीच करा. आप्पेपात्रात पन्नास कोफ्ते म्हणजे सात-आठ घाणे.

---

सोऱ्या

सगळ्यांचे मनापासून आभार. आज एकच कोफ्ता तळून बघितला, जुना बटाटा आणि वजन ठेवलेलं पनीर, अजिबात हसला नाही. ग्रेव्ही बिनकांद्याचीच करणार हे नक्की.

तीन शंका राहिल्या. वीस माणसांना एकूण सामान किती? इतकं पनीर घरी करणं शक्य नाही, विकतचं कोणतं? आणि आदल्या दिवशी काय काय उरकता येईल? पाडव्याला सकाळी अभ्यंगस्नान, ओवाळणं यात वेळ जातो, जेवायला एक वाजता बसायचं आहे.

---

झारा

माणशी अडीच कोफ्ते धरा, म्हणजे ५०. वरून चार जास्त तळा, वाढताना एखादा मोडतो आणि लहान मुलं नुसतेच उचलून खातात.

कोफ्ते: पनीर ९०० ग्रॅम, उकडलेला बटाटा ७२० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ११० ग्रॅम आणि घोळवायला वेगळं ५० ग्रॅम. सारणाला काजू-पिस्ता मिळून १२५ ग्रॅम, बेदाणे ४० ग्रॅम, किसलेलं पनीर ७५ ग्रॅम. तळायला तेल दीड लिटर, कढई खोल हवी.

ग्रेव्ही माणशी १२५ मिली, म्हणजे अडीच लिटर. हिंगाची_डबी यांचं प्रमाण साडेतीन पट करा: दुधी ८७५ ग्रॅम, काजू ३५०, मगज बी १०० ग्रॅम, खसखस साडेतीन मोठे चमचे, दही ५२५ ग्रॅम, क्रीम २८० मिली, तूप १५० ग्रॅम. खडा मसाला मात्र साडेतीन पट नको, दुपटीने पुरतो. मोठ्या पातेल्यात तो तेवढाच जास्त वेळ उतरत राहतो आणि लवंग डोकं वर काढते. मिठाचंही तसंच, आधी अडीच पट घाला, मग चव बघा. परतायला १५ मिनिटांऐवजी ३५-४० लागतील. दोन कढयांत विभागून केलंत तर वेळ आणि बूड दोन्ही वाचतं.

पनीर डेअरीतून सुटं, त्याच दिवशीचं, अखंड लादीतलं मागा. पाकिटातलं घ्यायचं तर त्यावर 'अ‍ॅनालॉग' लिहिलंय का ते वाचा, ते वनस्पती तेलाचं असतं. दुकानात कोपरा मोडून बोटांत चोळा. दुधाचं पनीर मऊ होऊन एकजीव होतं. रबरासारखं तुकडे-तुकडेच राहत असेल तर घेऊ नका. गोठवलेलं पनीरही नको, सुटल्यावर ते भुसभुशीत होऊन पाणी सोडतं. विकतच्या पनीरलाही तासभर वजन ठेवायचंच.

आता वेळापत्रक. दोन दिवस आधी बटाटे उकडून फ्रिजमध्ये, सारण चिरून डब्यात, गरम मसाल्याचं सामान काढून एका वाटीत. पनीर आदल्या दिवशी सकाळी आणा. दुपारी कोफ्ते वळून तळा, पण रंग फिकाच ठेवा. बुडबुडे विरळ झाले की काढा. जाळीवर पूर्ण गार करा, तळलेला गरम कोफ्ता डब्यात बंद केला की स्वतःच्याच वाफेने मऊ पडतो. मग कागद घातलेल्या पसरट डब्यात एकाच थरात, फ्रिजमध्ये. संध्याकाळी ग्रेव्ही दही घालून शिजेपर्यंत पूर्ण करा, पाणी निम्मंच घाला, क्रीम घालू नका. गार करून तीही फ्रिजमध्ये. सकाळी ती श्रीखंडासारखी घट्ट झालेली दिसेल, काजूचा तो स्वभाव आहे, बिघडलेली नसते.

पाडव्याला १२ वाजता दोन्ही बाहेर काढा. साडेबाराला ग्रेव्ही मंद आचेवर, थोडं थोडं कडकडीत पाणी घालत सैल करा. डावातून सोडली की सलग जाड धार पडली पाहिजे, थबकत पडली तर अजून पाणी हवं. ताटात ती आणखी आळते, म्हणून तुम्हाला योग्य वाटेल त्याहून जरा पातळच ठेवा. एक वाजायला दहा मिनिटं असताना तेल १८० अंशांना तापवून कोफ्ते ३०-४० सेकंद दुसऱ्यांदा तळा, रंग आता येईल. ओव्हन असेल तर १८० अंशांवर ८-१० मिनिटं ठेवले तरी चालतील, तेलाचा खटाटोप वाचतो.

ग्रेव्हीत क्रीम घालून गॅस बंद. सगळे कोफ्ते एकदम पातेल्यात टाकू नका. दुसऱ्या पंगतीपर्यंत खालचे मऊ पडतात आणि डाव लागला की मोडतात. पसरट भांड्यात एका पंगतीपुरते मांडून वर ग्रेव्ही, बाकीचे कोफ्ते उघड्या ताटात बाजूला, ग्रेव्ही बारीक आचेवर गरम. ताटात वाढताना कोफ्ता वाटीत द्या, पानात मोकळा वाढला तर ग्रेव्ही कोशिंबिरीखाली पळते.

---

सोऱ्या

एक राहिलं. उरलेल्या कोफ्त्यांचं काय करायचं? ५४ पैकी काही नक्की उरतील.

---

झारा

ग्रेव्हीत न घातलेले असतील तर हवाबंद डब्यात फ्रीजरला महिनाभर राहतात, तळलेल्या कोफ्त्याला गोठवण्याचा त्रास होत नाही. काढल्यावर फ्रिजमध्येच सुटू द्या आणि ओव्हनला गरम करा. ग्रेव्हीत पडलेले दुसऱ्या दिवशीच संपवा, आणि गरम करताना कोफ्ते झाऱ्याने आधी बाजूला काढून फक्त ग्रेव्ही तापवा, उकळी येऊ देऊ नका, आत आता क्रीम आहे.